वाळूचा कण नळीला धडकतो तेव्हा उष्णता कुठल्या वाटेनं जाते?

आधी प्रश्न सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारा मुलगा खानापूर तालुक्यातला, बेळगावात एम.टेक. करतोय. फ्लुइडाइज्ड बेडमध्ये, म्हणजे खालून हवा सोडून उकळत्या पाण्यासारख्या खदखदत ठेवलेल्या वाळूत, गरम वाळूकडून थंड नळीकडे किती उष्णता जाते, हे त्यानं संगणकावर कणाकणानं मोजलं, म्हणजे डीईएम पद्धतीनं. वाळूचा दाणा अर्ध्या मिलिमीटरचा, बेड ८५० अंशांवर, नळीचा पृष्ठभाग ३५० वर. उत्तर असं आलं की जवळजवळ ४० टक्के उष्णता कण नळीवर आपटतो त्या क्षणात, दगड आणि लोखंड यांच्या थेट स्पर्शातून जाते. गाईड खूश आहेत. पण एका जुन्या बॉयलरवाल्याला हे सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला, "असं नसतंय बाबा." तर चूक कुणाची?

बॉयलरवाल्याचं बरोबर आहे. (तुला अरे-तुरे करतोय, रागावू नकोस. माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे.) चूक तुझ्या समजुतीत नसावी, एका आकड्यात असावी. तो आकडा कुठला ते सांगतो, पण त्याआधी एका धडकेचा हिशेब कागदावर करू. हा हिशेब एकदा स्वतः केलास की नंतर कुठलं सॉफ्टवेअर तुला गंडवणार नाही.

अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा गोल दाणा घे. घनता घनमीटरला २६०० किलो, म्हणजे वजन साधारण ०.१७ मिलिग्रॅम. तो नळीवर सेकंदाला अर्धा मीटर वेगानं आपटतो. दोन गोलाकार घन पदार्थ एकमेकांवर दाबले की किती चपटे होतात याचं गणित हर्ट्झनं १८८२ साली मांडलं, आजही तेच वापरतात. वाळूचा यंग मापांक (पदार्थ किती ताठ आहे याचा आकडा) ७० गिगापास्कल आणि स्टीलचा २०० घातला, तर स्पर्शाची चकती ऐन दाबाच्या क्षणी साडेआठ मायक्रॉन त्रिज्येची होते. केसाच्या जाडीपेक्षाही लहान. आणि दाणा नळीला चिकटून असतो किती वेळ? १.७ मायक्रोसेकंद. सेकंदाचे दहा लाख भाग केलेस तर त्यातले पावणेदोन.

एवढ्या वेळात एवढ्याशा चकतीतून किती उष्णता जाईल? सन आणि चेन या दोघांनी १९८८ मध्ये याचं सूत्र दिलं. दोन्ही बाजूंचे पदार्थ अर्ध-अनंत, म्हणजे आत कितीही खोल गेलं तरी न संपणारे ठोकळे आहेत असं धरायचं, कारण १.७ मायक्रोसेकंदात उष्णतेची लाट दाण्यात दोन-तीन मायक्रॉनपलीकडे शिरतच नाही. सूत्रात आकडे घातले की ५०० अंशांच्या फरकाला एका धडकेत सुमारे २.७ गुणिले दहाचा उणे सातवा घात एवढे जूल येतात. हा आकडा मनात बसत नाही, म्हणून त्याला कशाशी तरी ताडून बघू. त्या दाण्यात नळीच्या तुलनेत जी जादा उष्णता आहे ती ०.०६८ जूल. म्हणजे एका धडकेत दाणा आपल्या शिल्लक उष्णतेपैकी दहा लाखांत चार भाग देतो. थेट स्पर्शावरच भरवसा ठेवला तर एका दाण्याला आपली उष्णता रिकामी करायला अडीच लाख वेळा धडकावं लागेल!

आता हवेकडे बघ. दाणा नळीच्या दिशेनं येतो, आपटतो, परत जातो. नळीपासून ०.१ मिलिमीटरच्या आत तो येता-जाता मिळून ०.४ मिलिसेकंद असतो, म्हणजे प्रत्यक्ष स्पर्शाच्या दोनशे पटीहून जास्त वेळ. त्या अवधीत दाण्याची नळीकडची सगळी बाजू आणि नळी यांच्यामध्ये हवेचा एक पातळ थर असतो. हवा उष्णता वाहून न्यायला वाईट, हे खरंच, पण थर इतका पातळ असतो की वाईट वाहकसुद्धा चालून जातो. शिवाय साडेआठ मायक्रॉनच्या चकतीऐवजी इथं दाण्याचं अख्खं पोट कामाला येतं. हा हिशेब केला तर त्याच एका धडकेत हवेच्या वाटेनं स्पर्शाच्या ७०–८० पट उष्णता जाते. पुढच्या हिशेबासाठी ८० धरू.

म्हणजे प्रमाण १ ला ८०. मग तुझं ४० टक्के आलं कुठून?

डीईएममध्ये सगळे एक लबाडी करतात. मीही केली आहे, त्यामुळे शिव्या देत नाही. १.७ मायक्रोसेकंदांची धडक नीट पकडायची तर तिचे निदान तीस-चाळीस तुकडे करावे लागतात, म्हणजे संगणकाचं एक पाऊल ०.०४ मायक्रोसेकंदाचं. एका सेकंदाचा बेड चालवायला अडीच कोटी पावलं आणि प्रत्येक पावलाला लाखो दाणे. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनला हे झेपत नाही. म्हणून लोक दाणा मऊ करतात. यंग मापांक ७० गिगापास्कलऐवजी ७० मेगापास्कल घालतात, म्हणजे वाळूचा दाणा रबरासारखा करतात. बेडची हालचाल, बुडबुडे, दाबातली घट, यांत फारसा फरक पडत नाही, आणि पाऊल मात्र सोळा पट लांब टाकता येतं. हालचालीपुरतं हे चालतं.

उष्णतेला चालत नाही. मापांक हजार पटीनं कमी केलास की स्पर्शाची चकती क्षेत्रफळानं सोळा पट मोठी होते आणि स्पर्शाचा वेळही सोळा पट लांबतो. उष्णता वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे जाते, म्हणून तिथं चार पट. सोळा चोक चौसष्ट. नेमकं बोलायचं तर ६३ पट. माझं १ ला ८० हे प्रमाण आता ६३ ला ८० झालं. टक्केवारी काढ बघू: ४४. तुझे ४० टक्के याच गल्लीतून आले आहेत. तुझी इनपुट फाइल न बघता मी पैज लावायला तयार आहे की दाणा आणि नळी दोन्हीकडे तू मापांक हजारानं भागला आहेस.

दुरुस्ती सोपी आहे. प्रत्येक धडकेच्या स्पर्श-उष्णतेला 'वापरलेला मापांक भागिले खरा मापांक' याच्या तीन-पंचमांश घातानं गुणायचं. दाणे एकमेकांवर किंवा नळीवर बराच वेळ टेकून राहतात तिथं घात वेगळा, एक-तृतीयांश. कारण तिथं चकतीचं क्षेत्रफळ आणि वेळ यांचा प्रश्न नसतो, चकतीच्या त्रिज्येचा असतो. हे दोन प्रकार कोडमध्ये वेगळे ठेव. बरेच जण एकच गुणक सगळीकडे लावतात आणि मग टेकलेल्या दाण्यांची उष्णता नको तेवढी कापली जाते.

गाईडना पटवायला आकडेमोड पुरत नाही, हा माझा अनुभव आहे. त्यांना एक उदाहरण सांग. मोठ्या दवाखान्यांच्या आवारात पांढऱ्या उभ्या टाक्या असतात ना, द्रव ऑक्सिजनच्या? तशा टाक्यांना दोन भिंती असतात, आणि मधल्या जागेत बऱ्याचदा परलाइट या फुगवलेल्या खनिजाची भुकटी ठासून भरलेली असते. प्रत्येक दाणा शेजारच्या दाण्याला टेकलेला, आतल्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत दाण्यांची अखंड साखळी. मग त्या जागेतली हवा पंपानं ओढून काढतात. हवा गेली की त्या भुकटीतून जाणारी उष्णता कितीतरी पटींनी कमी होते, आणि उणे १८३ अंशांवरचा ऑक्सिजन आत शांत बसून राहतो. दाण्यांनी एकमेकांना टेकणं हीच उष्णतेची वाट असती तर हवा काढून काय फरक पडला असता?

आता खरा मुद्दा. एकट्या दाण्याच्या एका धडकेत, हवेची मदत धरूनसुद्धा, दाणा आपल्या उष्णतेचे दहा हजारांत तीन भाग देतो. हेही काहीच नाही. तरी चांगल्या चालणाऱ्या बेडमध्ये नळीवर चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकाला, ३००–४०० वॅट मिळतात (हाच उष्णतेचा गुणांक; पुढे एकक दरवेळी लिहीत नाही). नुसती हवा त्याच वेगानं फिरवलीस तर वीस-तीस मिळतील. मग हे दहा पट कुठून आलं?

बेळगावच्या शहापुरात आमच्या घरामागच्या बोळात चुरमुऱ्याची भट्टी होती. मी इंजिनिअरिंगला असतानाही ती चालू होती आणि उष्णता-वहनाचा माझा पहिला धडा तिथला. मोठी कढई, त्यात काळी पडलेली वाळू, खाली लाकडाचा जाळ. वाळू अडीचशे अंशांच्या आसपास. मीठ लावून वाळवलेले तांदूळ ओंजळभर टाकायचे, झाऱ्यानं जोरात हलवायचे, आणि दहा-बारा सेकंदांत कढई पांढरी फुलून यायची. लगेच चाळणीत ओतून वाळू परत कढईत. भट्टीवाल्या मामांनी एकदा माझ्या हातात झारा दिला. दोन हलवणीनंतर माझा हात दुखला म्हणून मी क्षणभर थांबलो. तेवढ्यात तो घाणा गेला. अर्धे दाणे टणक, न फुललेले, आणि तळातले करपलेले. मामा म्हणाले, "हात थांबला की वाळू झोपती."

मला आजवर यापेक्षा नेमकं वाक्य मिळालेलं नाही. वाळू तीच, जाळ तोच, तांदळाला टेकलेले दाणेही तेवढेच. हात थांबला तेव्हा तांदळाच्या भोवतीचे दाणे आपली उष्णता देऊन थंड झाले आणि तिथंच बसून राहिले. नवे गरम दाणे यायला वाटच उरली नाही. तांदूळ फुलायला आतल्या पाण्याची वाफ एकदम व्हावी लागते. उष्णता सावकाश आली की पाणी हळूहळू निघून जातं आणि दाणा टणक राहतो. झाऱ्याचं काम वाळू तांदळावर आपटवणं हे नव्हतंच. थंड झालेली वाळू हटवून गरम वाळू आणणं, हे त्याचं काम.

फ्लुइडाइज्ड बेडमध्ये झाऱ्याचं काम बुडबुडे करतात. खालून हवा सोडली, ती वाळू उचलून धरायला लागणाऱ्या किमान वेगापेक्षा जास्त झाली, की जादा हवा बुडबुड्यांच्या रूपात वर येते. प्रत्येक बुडबुडा नळीजवळून जाताना जुन्या दाण्यांचा घोळका हाकलतो आणि त्याच्या मागे बेडच्या मध्यातला ताजा गरम घोळका नळीला येऊन लागतो. मिक्ली आणि फेअरबँक्स यांनी १९५५ मध्ये हेच चित्र गणितात मांडलं. एकेका दाण्याचा विचार सोडा, घोळक्याचा करा. घोळका नळीशी किती वेळ राहतो तेवढं सांगा, मी उष्णता सांगतो. घोळका अर्धा सेकंद राहिला तर त्याच्या बाजूनं सुमारे ९०० मिळतात. चार सेकंद रेंगाळला तर सव्वातीनशे. या आकड्यांत अजून नळीलगतच्या हवेच्या थराचा अडथळा आणि बुडबुड्यानं नळी झाकल्याचा वेळ वजा करायचा आहे. तो वजा केला की प्रत्यक्षातले ३००–४०० येतात.

घोळक्यातला, नळीला टेकलेला एक दाणा घे, तोच अर्ध्या मिलिमीटरचा. मधला हवेचा थर धरून त्याला आपली उष्णता बऱ्यापैकी रिकामी करायला साधारण एक-तृतीयांश सेकंद लागतो. ०.१ सेकंद थांबला तर जवळजवळ पाव भाग देऊन जातो. धडकून उडणाऱ्या दाण्याचे दहा हजारांत तीन आणि थांबलेल्या दाण्याचा पाव भाग! धडक दाण्याला दारापर्यंत आणते. देवाणघेवाण दाणा दारात थांबतो तेव्हा होते, आणि ती हवेच्या हातून.

यातून दाण्याच्या आकाराचं गणित आपोआप सुटतं. बारीक दाणा म्हणजे मधला थर सरासरीनं पातळ आणि एका चौरस सेंटिमीटरवर दाणे जास्त. झाब्रोद्स्कीचं जुनं सूत्र आहे, जास्तीत जास्त किती मिळू शकेल ते सांगणारं. त्यात दाण्याचा आकार उणे ०.३६ घातात येतो आणि वायूची वाहकता ०.६ घातात. फाउंड्रीची (ओतकामाच्या कारखान्यातली) ०.२७ मिलिमीटरची वाळू आणि दीडेकशे अंशांची हवा घातली तर ४३० येतात, अर्ध्या मिलिमीटरच्या वाळूला ३४५. प्रत्यक्ष प्लँटवर याच्या ७० टक्के मिळाले तर समाधान मान. आणि या सूत्रात नसलेली गोष्ट बघ: दाण्याचा यंग मापांक कुठंच नाही. दाण्याची स्वतःची उष्णता-वाहकताही नाही. थेट स्पर्श महत्त्वाचा असता तर इतकी वर्षं चाललेल्या सूत्रात या दोन्हींचा मागमूस राहिला नसता का?

फार बारीकही नको. तीस मायक्रॉनच्या खालचं पीठ नीट फ्लुइडाइज होत नाही, त्यात चिरा पडतात आणि हवा चिरांतून पळून जाते. गेल्डार्टनं १९७३ मध्ये भुकटीचे चार वर्ग पाडले, त्यातला हा 'सी'. दुसऱ्या टोकाला मिलिमीटरच्या पुढचा दाणा, वर्ग 'डी'कडे झुकणारा. तिथं दाण्यांमधून वाहणारी हवाच जास्त उष्णता नेते आणि वरचं बरंचसं प्रवचन लागू पडत नाही. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत फ्लुइड बेड ड्रायरमध्ये एम ग्रेडची, म्हणजे मोठ्या दाण्याची साखर बघितली असशील, ती या गटातली. तिथं नळ्यांपेक्षा हवेचं तापमान आणि आर्द्रता यांवर लक्ष ठेवावं लागतं. (जाता जाता: चिकोडी, अथणीकडचे लोक बगॅस (उसाचा चोथा) जाळणाऱ्या बॉयलरलाही सरसकट 'फ्लुइडाइज्ड' म्हणतात. आपल्याकडचे बहुतेक बगॅस बॉयलर जाळीचे आहेत, ट्रॅव्हलिंग किंवा डंपिंग ग्रेटचे. प्रोजेक्टला जाशील तेव्हा आधी खाली वाकून जाळी बघून घे.)

प्रारणाबद्दल, म्हणजे किरणांच्या रूपात जाणाऱ्या उष्णतेबद्दल, एकच ओळ. तुझा बेड ८५० वर आहे, तिथं ते सोडून चालणार नाही, वेगळं मोज. सहाशेच्या खाली मी त्याची फार फिकीर करत नाही.

मग धडक काहीच करत नाही का? करते. नळी खाते.

पंधराएक वर्षांपूर्वी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीनं बोलावलं. त्यांच्याकडे जुनी, रेझिननं (चिकट रसायनानं) बांधलेली वाळू भाजून परत वापरायची यंत्रणा होती. वाळू सातशे अंशांवर भाजायची, रेझिन जाळून टाकायचं, मग कूलरमध्ये गार करायची. कूलर म्हणजे लांब पेटी, खाली हवेचे नोझल, वाळूत बुडालेल्या आडव्या नळ्या, नळ्यांत पाणी. वाळू ४० अंशांच्या खाली बाहेर पडायला हवी, नाहीतर कोअर (साच्याच्या आत बसवायचा वाळूचा ठोकळा) करताना मिसळलेला बाइंडर, म्हणजे वाळू चिकटवणारं रसायन, कोअरच्या पेटीत जायच्या आधीच आवळू लागतो. त्यांची वाळू सत्तरनं बाहेर पडत होती. कोअर शॉपवाले रोज भांडत होते.

सुपरवायझर निपाणीकडचा, हुशार माणूस. म्हणाला, "साहेब, वारं वाढवलं की गार व्हायचं सोडून गरमच यायलंय की ओ." त्यानं तीन महिन्यांत ब्लोअरचा डॅम्पर (हवेची झडप) टप्प्याटप्प्यानं पूर्ण उघडला होता. त्याचं तर्कट साधं: जास्त वारा, जास्त धडका, जास्त गारवा. तुझ्या ४० टक्क्यांवर विश्वास ठेवला तर हे तर्कट बरोबरच ठरतं, म्हणून हा किस्सा सांगतोय.

मी बारा मिलिमीटरची सळई मागवली आणि वरच्या झाकणातून बेडमध्ये फूटफूट अंतरावर घालत गेलो. पहिल्या अर्ध्या भागात सळई अशी गेली जशी विहिरीत काठी. दुसऱ्या अर्ध्यात चार बोटं जाऊन अडकली. तिथली वाळू झोपलेली होती, भट्टीवाल्या मामांच्या शब्दात. नोझलांत रेझिनची राख आणि बारीक धूळ बसून निम्मे बुजले होते. झोपलेल्या वाळूतल्या नळ्या वाळूत पुरल्यासारख्या, त्यांच्याभोवती थंड वाळूचं कवच. तिथं गुणांक चाळीस-पन्नास असेल-नसेल. वाढवलेला सगळा वारा जाग्या अर्ध्यातून कारंज्यासारखा वर जात होता आणि तिथल्या नळ्या अर्धा वेळ बुडबुड्यात, म्हणजे नुसत्या हवेत. झोपलेला भाग झोपलेला, जागा भाग उपाशी.

हवेचा वेग आणि गुणांक यांचा आलेख सरळ चढत जात नाही. किमान वेगानंतर झपकन चढतो, दोन-चार पटींच्या आसपास शिखर गाठतो आणि मग हळूहळू उतरतो, कारण नळीवर दाण्यांपेक्षा बुडबुडे जास्त वेळ असतात. ०.२७ मिलिमीटरच्या वाळूला कोमट हवेत किमान वेग सेकंदाला पाच-सहा सेंटिमीटर. ते लोक जाग्या भागात त्याच्या दहा-बारा पट मारत होते.

मी सांगितलं, बंद करा, नोझल काढून साफ करा. मालकांना दोन दिवसांचं उत्पादन बुडवायचं नव्हतं. "दिवाळीला करू." दिवाळीच्या आधीच एका रात्रपाळीत नळी फुटली. पाणी वाळूत गेलं, पेटीत चिखल झाला, आणि तो गरम चिखल फावड्यानं काढायला चार दिवस लागले. फुटलेली नळी मी हातात घेऊन बघितली. वरून नवी कोरी. खालून, पोटाला, पॉलिश केल्यासारखी चकचकीत आणि कागदासारखी पातळ. भोक बरोबर जिवंत नोझलच्या डोक्यावर.

धडकेचा वेग दुप्पट केलास तर त्या धडकेतली स्पर्श-उष्णता दुप्पटही होत नाही, वेगाच्या ०.७ घातानं वाढते, म्हणजे १.६ पट. तेही त्या दहा लाखांतल्या चार भागांत. पण धडकेची ऊर्जा चौपट होते, आणि झीज त्याहून वेगानं वाढू शकते. नोझल साफ झाल्यावर डॅम्पर निम्म्याच्या खाली आणला आणि वाळू ३८ अंशांनी येऊ लागली. सुपरवायझर मग प्रत्येक सोमवारी सळई घालून बघायचा. भिंतीवर खडूनं बेडचा नकाशा काढून कुठं सळई अडली तिथं फुली मारायचा. ती फुल्यांची भिंत हा मी पाहिलेला सर्वांत चांगला मेंटेनन्स रेकॉर्ड.

आता तुझ्या प्रबंधाचं. ४० टक्के पुसून टाकू नकोस, तेच तुझं सर्वांत चांगलं प्रकरण होऊ शकतं. एकच बेड तीन मापांकांनी चालव: ७ मेगा, ७० मेगा, ७०० मेगा. दुरुस्ती न लावता स्पर्शाचा वाटा काढ, मग लावून काढ. दुरुस्तीशिवाय तो मापांकाप्रमाणे नाचेल, दुरुस्तीनंतर तिन्ही रेषा एकमेकींवर येतील आणि एक-दोन टक्क्यांच्या आसपास झोपतील. दुसरी परीक्षा: हवेऐवजी हीलियम घालून चालव. त्याची वाहकता हवेच्या सहापट, म्हणून झाब्रोद्स्कीच्या हिशेबानं गुणांक जवळजवळ तिप्पट व्हायला हवा. घनता आणि चिकटपणाही बदलायला विसरू नकोस. तुझ्या मॉडेलमध्ये गुणांक जागचा हलला नाही, तर समज की उष्णता अजून चुकीच्या वाटेनं जातेय.

आणि एक खरा बेड बांध. चार इंची अॅक्रिलिक पाइप, तळाला जाड फेल्टचा किंवा सिंटर्ड ब्राँझचा तुकडा, ०.२७ मिलिमीटरची धुऊन वाळवलेली सिलिका वाळू. फाउंड्रीवाले गोणीभर फुकट देतील, एएफएस (वाळूच्या बारीकपणाचा नंबर) ५०–५५ मागायची. मिनिटाला नव्वद लिटर हवा पुरते, म्हणजे दीड-दोन एचपीचा कॉम्प्रेसर आणि हवेचा प्रवाह मोजायला एक रोटामीटर. मध्ये आडवा कार्ट्रिज हीटर (कांडीसारखा विजेचा हीटर), १२ मिलिमीटर व्यासाचा आणि १०० लांबीचा, अंगावर एक थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारेची जोडी) चिकटवलेला, दुसरा बेडमध्ये लोंबता. हीटरला ५० वॅट दे. गुणांक ४०० असेल तर हीटर बेडपेक्षा ३३ अंशांनी गरम दिसेल. हवा कमी-जास्त करून तोच आलेख काढ, चढणारा आणि मग उतरणारा. १०० वॅट देऊ नकोस, एवढ्या कमी हवेत बेड इतका तापेल की अॅक्रिलिक मऊ पडेल.

हवा आधी, हीटर नंतर. बंद करताना उलट, आणि हीटर बंद केल्यावर दहा मिनिटं हवा चालू ठेव. आमच्या वेळी एकानं चहाला जाताना कॉम्प्रेसर बंद केला आणि हीटर विसरला. वाळू झोपली, हीटरचं आवरण काळंनिळं पडलं आणि थर्मोकपलचा सिमेंटचा ठिपका सुटून वाळूत हरवला.